मिश्र पिकांच्या प्रयोगात विविधतेचा परिणाम दरवर्षी का हरवतो? परिस्थितिकीच्या शिक्षकांसाठी समस्या निवारण

वनस्पतींची विविधता आणि परिसंस्थेची उत्पादकता यांचा संबंध विद्यार्थ्यांना शिकवायचा असेल, तर खरिपातला पीकप्रयोग हे मराठवाड्यातल्या महाविद्यालयाला सहज जमणारे साधन आहे. आवारात पाच-सात गुंठे काळी जमीन निघते, बी तालुक्याच्या गावी मिळते आणि वर्गातल्या अनेक मुलामुलींनी पेरणी, खुरपणी, काढणी लहानपणापासून पाहिलेली असते. तरीही या प्रयोगात एक अडचण वर्षानुवर्षे परत येते. काही वाफ्यांत एकच पीक, काही वाफ्यांत दोन किंवा चार पिके एकत्र, अशी पेरणी होते, हंगामाच्या शेवटी वजने होतात आणि अहवालात दोनपैकी एक वाक्य येते. एक तर ‘मिश्र वाफ्यात उत्पादन जास्त आले, म्हणून विविधता फायदेशीर आहे’, नाही तर ‘लक्षणीय फरक आढळला नाही’. ही दोन्ही वाक्ये बहुतेक वेळा हाती आलेल्या आकड्यांतून निघतच नाहीत, कारण प्रयोगाची मांडणी विविधतेचा परिणाम बाकीच्या परिणामांपासून वेगळा करू शकेल अशी नसते.

या अडचणीचे मूळ काढणीच्या वेळी किंवा सांख्यिकीच्या तासाला शोधले जाते, पण ते पेरणीच्या आधी असते. कोणत्या वाफ्यात कोणत्या पिकाची किती झाडे असतील आणि मिश्रणातल्या प्रत्येक पिकाचा स्वतःचा सलग वाफा, म्हणजे फक्त त्याच पिकाचा वाफा, आहे की नाही, या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की निम्म्याहून अधिक दुखणे बरे होते. म्हणून खालील मजकुरात त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

दाटी वाढवली आणि तिला विविधता म्हटले

सर्वांत जास्त आढळणारा दोष हा आहे. सलग सोयाबीनच्या वाफ्यात जितक्या ओळी, तितक्याच ओळी मिश्र वाफ्यातही ठेवून मधल्या जागेत तुरीचे बी टोकले जाते. त्यामुळे मिश्र वाफ्यात मुळातच झाडे जास्त होतात. पुढे वजन जास्त भरले, तर ते जाती दोन असल्यामुळे की झाडे जास्त असल्यामुळे, हे कोणालाही सांगता येणार नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही पद्धत चुकीची नाही. मुख्य पीक न घटवता वरकड उत्पन्न मिळते का, हा त्याचा रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अशा भर घालणाऱ्या पेरणीतूनच मिळते. पण परिस्थितिकीच्या वर्गात आपण विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: जागा तेवढीच आणि एकूण दाटी तुल्य ठेवून जातींची संख्या वाढवली, तर काय होते?

त्यासाठी बदलीची मांडणी लागते. नेदरलँड्समधील डी विट यांनी १९६० साली वनस्पतींमधील स्पर्धेवरच्या आपल्या कामात ती पद्धतशीरपणे मांडली. तिचा नियम सोपा आहे. एका पिकाची झाडे घालायची असतील, तर दुसऱ्याची त्या प्रमाणात काढायची. दोन पिकांच्या वाफ्यात प्रत्येकाची संख्या त्याच्या सलग वाफ्यातल्या संख्येच्या निम्मी आणि चार पिकांच्या वाफ्यात एक चतुर्थांश. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मराठवाड्यात एक सोय आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतले सोयाबीन आणि तूर यांचे ४:२ आंतरपीक त्यांना ठाऊक असते आणि त्यात सोयाबीनच्या ओळींच्या जागीच तुरीच्या ओळी येतात. घरी पाहिलेल्या या पेरणीपासून सुरुवात केली, तर बदलीची कल्पना फळ्यावर अर्धा तास समजावण्याची गरज उरत नाही.

प्रत्यक्ष आखणीसाठी ज्वारी, उडीद, तीळ आणि अंबाडी ही चार पिके मी सुचवतो. एक गवतवर्गातले, एक कडधान्य आणि दोन इतर रुंद पानांची, अशी त्यांची घडण वेगवेगळी आहे. सर्व ओळींमध्ये ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. ओळीतले अंतर पिकाप्रमाणे ठरवावे, म्हणजे ज्वारी व अंबाडीसाठी १५ सेंटिमीटर आणि उडीद व तिळासाठी १० सेंटिमीटर. प्रत्येक वाफ्यात १० ओळी असाव्यात. मधल्या ८ ओळी मोजायच्या आणि दोन्ही कडेची एकेक ओळ मोजणीतून वगळायची, मात्र तीही त्याच क्रमाने पेरलेली असली पाहिजे. आठ हा आकडा मुद्दाम निवडला आहे, कारण त्याचे दोन आणि चार असे दोन्ही भाग सारखे पडतात. वाफा ४.५ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब झाला, की दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडून ७.२ चौरस मीटर इतके मोजणीचे क्षेत्र मिळते.

बी तिफणीने पेरण्यापेक्षा हाताने टोकावे. तिफणीमागे सरता बांधून दुसरे बी सोडण्याची रीत शेतात उत्तम असली, तरी इतक्या लहान वाफ्यांत तिने झाडांची संख्या हवी तशी राखता येत नाही. एका जागी दोन-तीन बिया टोकाव्यात, उगवण झाल्यावर आठ-दहा दिवसांत नांग्या भराव्यात, पंधरा ते वीस दिवसांच्या सुमारास विरळणी करून एका जागी एकच झाड ठेवावे आणि त्याच दिवशी प्रत्येक ओळीतली झाडे मोजून वहीत लिहावीत. तिळाचे बी बारीक असते. खोल पडले किंवा वर पापुद्रा धरला, तर उगवण विरळ होते, म्हणून ते बारीक वाळूत मिसळून उथळ पेरावे आणि नंतर विरळणी करावी. ठरवलेली संख्या आणि प्रत्यक्ष उभी राहिलेली संख्या यांत फरक राहतोच. तो लपवू नये, कारण पुढच्या हिशेबात नेमकी तीच नोंद उपयोगी पडते.

सलग वाफे अपुरे, म्हणून विजेत्या पिकाचे श्रेय विविधतेला

दुसरा दोष जास्त सूक्ष्म आहे. पुष्कळ ठिकाणी एका पिकाचा सलग वाफा आणि चार पिकांचा एक मिश्र वाफा एवढीच तुलना होते. चार पिके एकत्र पेरली, की त्यांत एखादे जोमदार पीक असण्याची शक्यता आपोआप वाढते. ते पीक बाकीच्यांना दाबून स्वतःचे वजन वाढवते आणि मिश्र वाफा भरघोस दिसतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे डेव्हिड टिल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली १६८ वाफ्यांत १ ते १६ जाती पेरून जो प्रसिद्ध प्रयोग सुरू केला, त्याच काळात या संशोधनावर हाच आक्षेप जोरात घेतला गेला. १९९७ साली मायकेल ह्यूस्टन यांनी अशा प्रयोगांतला परिणाम जातींच्या संख्येचा नसून जोमदार जात हाती लागण्याचा असू शकतो, असे दाखवून दिले. त्यावर २००१ साली मिशेल लोरो आणि अँडी हेक्टर यांनी एकूण परिणामाचे दोन भाग करण्याची रीत दिली: पूरकतेचा भाग, म्हणजे जाती साधने वाटून घेऊन किंवा एकमेकींना मदत करून मिळवतात तो, आणि निवडीचा भाग, म्हणजे जोमदार जात वरचढ ठरल्यामुळे येतो तो. पदव्युत्तर वर्गाला ही रीत कागद-पेन्सिलीने करता येते आणि ती त्यांच्याकडून तशीच करून घ्यावी.

समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. सलग ज्वारीचा वाळलेला जैवभार, म्हणजे जमिनीवरच्या सगळ्या झाडोऱ्याचे वजन, चौरस मीटरला ८०० ग्रॅम आणि सलग उडदाचा ३०० ग्रॅम आहे. निम्म्या-निम्म्या ओळींच्या वाफ्यात दोन्ही पिके जशी सलग वाढली तशीच वाढली असती, तर ज्वारी ४०० आणि उडीद १५०, म्हणजे एकूण ५५० ग्रॅम अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ज्वारी ५६० आणि उडीद १२०, म्हणजे ६८० ग्रॅम मिळाले. अपेक्षेपेक्षा १३० ग्रॅम जास्त आले, आणि इथेच बहुतेक अहवाल थांबतात.

आता प्रत्येक पिकाचे सापेक्ष उत्पादन काढू. ज्वारीचे ५६० भागिले ८०० म्हणजे ०.७०, उडदाचे १२० भागिले ३०० म्हणजे ०.४०. अपेक्षा दोघांकडूनही ०.५० ची होती. ज्वारीने ०.२० जास्त मिळवले, उडदाने ०.१० गमावले, आणि या दोन फरकांची सरासरी ०.०५ येते. पूरकतेचा भाग म्हणजे जातींची संख्या, ही सरासरी आणि सलग उत्पादनांची सरासरी यांचा गुणाकार: २ गुणिले ०.०५ गुणिले ५५०, बरोबर ५५ ग्रॅम. उरलेले ७५ ग्रॅम निवडीच्या भागात जातात, म्हणजे मुळातच जोमदार असलेल्या ज्वारीने उडदाच्या वाट्याचे काही घेतले, त्याचे ते माप आहे. पडताळ्यासाठी तेच थेटही काढता येतात: ज्वारीचा फरक सरासरीहून ०.१५ वर आणि तिचे सलग उत्पादन सरासरीहून २५० वर, उडदाचे नेमके उलट, म्हणून दोन्ही गुणाकार ३७.५ आणि बेरीज ७५.

या एका उदाहरणात विद्यार्थ्याला तीन गोष्टी दिसतात आणि त्या तिन्ही वेगवेगळ्या आहेत, यावर शिक्षकाने आग्रह धरावा असे मला वाटते. मिश्र वाफा अपेक्षेपेक्षा सरस ठरला. त्या सरसपणात विविधतेचा खरा वाटा निम्म्याहून कमी होता. आणि सर्वांत चांगल्या सलग वाफ्यापेक्षा, म्हणजे ८०० ग्रॅमच्या ज्वारीपेक्षा, तो तरीही कमीच होता. ‘विविधता फायदेशीर आहे’ या एका वाक्यात हे तिन्ही निष्कर्ष एकमेकांत मिसळून जातात आणि विद्यार्थी परीक्षेत बरोबर लिहूनही विषय समजल्याशिवाय बाहेर पडतो.

याच आकड्यांतून जमीन समतुल्य गुणोत्तरही काढून घ्यावे. ०.७० आणि ०.४० यांची बेरीज १.१०, म्हणजे मिश्र वाफ्यातले उत्पादन सलग पेरणीतून काढायचे तर दहा टक्के जास्त जमीन लागली असती. या गुणोत्तराची बारकाईने मांडणी मीड आणि विली यांनी १९८० साली केली. त्यांतले विली हे हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत आंतरपिकांवर काम करत होते, आणि ज्वारी-तूर हे आपल्याकडचेच आंतरपीक त्या संस्थेच्या अभ्यासात महत्त्वाचे होते. हा दुवा वर्गात जरूर सांगावा, कारण विविधतेचा अभ्यास म्हणजे परदेशातली कुरणे, असा समज विद्यार्थ्यांत घट्ट असतो.

हा हिशेब प्रत्येक पिकाच्या सलग उत्पादनाशिवाय करताच येत नाही. म्हणून चार पिकांचे चार सलग वाफे, शक्य त्या सहा जोड्या आणि चौघांचे एक मिश्रण असे अकरा प्रकार हवेत. प्रत्येक प्रकार सारख्या जमिनीवरच्या वाफ्यांच्या तीन गटांत एकेकदा आला, की तेहतीस वाफे होतात. मधल्या एकेक मीटरच्या वाटा धरून सात-साडेसात गुंठे जागा पुरते. तेवढी जागा नसेल, तर तीन पिके घ्यावीत. मग तीन सलग, तीन जोड्या आणि एक मिश्रण, म्हणजे तीन गटांत एकवीस वाफे होतात, आणि मोजणीच्या ओळी आठऐवजी सहा ठेवाव्यात. जागा कमी पडते म्हणून सलग वाफे गाळणे हा मात्र उपाय नाही. गाळायचेच असेल, तर एखादे पीक गाळावे.

फरकच दिसत नाही, तेव्हा

मांडणी निर्दोष असूनही पूरकता शून्याच्या आसपास येते, अशी तक्रार असेल, तर आधी खताची चौकशी करावी. ‘पीक चांगले यावे’ या सद्हेतूने सगळ्या वाफ्यांना डीएपी आणि वर युरिया दिला जातो. डीएपीमध्येच १८ टक्के नत्र असते. जमिनीत उपलब्ध नत्र भरपूर झाले, की कडधान्याच्या मुळांवर गाठी कमी धरतात आणि उडदालाही ज्वारीसारखेच जमिनीतले नत्र उचलणे सोयीचे होते. मग ज्या कारणाने ही दोन पिके एकमेकांना पूरक ठरणार होती, तेच कारण आपण हाताने काढून टाकलेले असते. प्रयोगाच्या जमिनीला नत्र देऊ नये. स्फुरद कमी असेल, तर तो सिंगल सुपर फॉस्फेटमधून सर्व वाफ्यांना सारखा द्यावा आणि उडदाच्या बियांना रायझोबियमची प्रक्रिया करावी. आदल्या वर्षी त्या रानात काय होते, तेही लिहून ठेवावे. सोयाबीननंतरच्या रानात आणि ज्वारीनंतरच्या रानात हा प्रयोग सारखा वागेलच असे नाही.

गाठी प्रत्यक्ष पाहणे हा या प्रयोगातला सर्वांत मोलाचा तास आहे, पण तोही बऱ्याच वेळा वाया जातो, कारण विद्यार्थी झाड धरून उपटतात आणि काळ्या जमिनीत गाठी ढेकळातच राहतात. फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण ३५ ते ४० दिवसांनी, झाडाभोवती वीतभर अंतरावरून खुरप्याने किंवा कुदळीने माती सैल करून ढेकळासह झाड उचलावे आणि बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजत ठेवावे. माती आपोआप सुटते. मग मुळे पांढऱ्या ताटात पसरून गाठी मोजाव्यात आणि त्यांतल्या पाच-सहा ब्लेडने मधोमध कापाव्यात. आतला भाग गुलाबी किंवा लालसर असेल, तर लेगहिमोग्लोबिन हे लाल रंगाचे प्रथिन त्यात आहे आणि गाठ काम करत आहे. पांढरी गाठ अजून तयार नाही किंवा निष्क्रिय आहे. हिरवट-तपकिरी गाठीचे काम संपलेले आहे. सलग उडदाच्या आणि ज्वारीसोबतच्या उडदाच्या गाठी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या, की पूरकतेचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगावा लागत नाही.

इथे एक गैरसमज वेळीच दूर करावा. उडदाने हवेतून घेतलेले नत्र त्याच हंगामात मोठ्या प्रमाणावर ज्वारीला जाते, असे विद्यार्थी सर्रास लिहितात. बऱ्याचदा मोठा फायदा दुसऱ्या वाटेने होतो: उडीद जमिनीतले नत्र कमी उचलतो आणि ते ज्वारीसाठी शिल्लक राहते. उडदाची पाने आणि मुळे कुजून मिळणारे नत्र मुख्यतः पुढच्या पिकाच्या कामी येते.

तुरीच्या बाबतीतही असाच एक दाखला विचार न करता दिला जातो. तुरीच्या मुळांतून झिरपणारे पिसिडिक आम्ल लोहाशी बांधलेला स्फुरद मोकळा करते, हे इक्रिसॅटमधील संशोधकांनी १९९० साली दाखवले आणि ते खरे आहे. पण लोहबद्ध स्फुरदाचे प्राबल्य तांबड्या जमिनीत असते. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद मुख्यतः कॅल्शियमशी बांधलेला असतो, आणि तो सोडवण्यात आम्ल स्रवणाऱ्या मुळांमुळे हरभरा पुढे असतो. पाठ्यपुस्तकातले कारण आपल्या रानाला लागू पडते का, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, तर त्याला परिस्थितिकी कळू लागली आहे असे मानायला हरकत नाही.

फरक न दिसण्याचे दुसरे मोठे कारण जमीन स्वतःच आहे. वरून एकसारखी काळी दिसणारी पट्टी खाली एकसारखी नसते. एका टोकाला दीड हातावर मुरूम लागतो, दुसऱ्या टोकाला पुरुषभर माती असते. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला, की उथळ टोकाची ज्वारी दुपारी पाने गुंडाळते आणि भारी टोकाची तशीच उभी राहते. त्या फरकापुढे एक जात की चार जाती हा फरक झाकला जातो. उपाय खर्चिक नाही. पेरणीपूर्वी पहारीने किंवा गिरमिटाने आठ-दहा ठिकाणी खोली पाहावी, उतार कोणीकडे आहे ते ठरवावे आणि सारख्या खोलीचे वाफे एका गटात येतील असे तीन गट पाडावेत. प्रत्येक गटात अकराही प्रकार असावेत आणि त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. चिठ्ठ्या विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्याव्यात. नजरेने ‘इकडे ज्वारी बरी दिसेल’ असे ठरवले, की त्या निवडीचा परिणामही वजनात उतरतो.

सत्र संपते आणि तूर उभीच राहते

सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघते, तुरीला मात्र लवकर येणाऱ्या वाणांतही चार ते पाच महिने लागतात. जून-जुलैत पेरलेली तूर काढणीला येते, तेव्हा हिवाळी परीक्षा उरकलेल्या असतात आणि पुढच्या सत्राचे वेळापत्रक लागलेले असते. म्हणून सोयाबीन-तूर हे आपले सर्वांत परिचित आंतरपीक असूनही सत्राच्या प्रयोगासाठी ते सोयीचे नाही. त्याला आणखी एक अडचण आहे. तूर जमीन जास्त काळ अडवते, त्यामुळे तिच्या आणि सोयाबीनच्या सापेक्ष उत्पादनांची सरळ बेरीज केली, तर तुलना काळाच्या बाबतीत असमान होते.

दाण्याची वाट न पाहता ५५ ते ६० दिवसांनी जमिनीवरचा सगळा जैवभार कापणे हा यावरचा सोपा उपाय आहे. उडीद तोवर शेंगांवर आलेला असतो, ज्वारी कडवळाच्या अवस्थेत असते, तीळ आणि अंबाडीही पुरेशी वाढलेली असतात, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरणी केलेली असेल, तर हे काम दिवाळीच्या बरेच आधी संपते. अहवालात मात्र ‘उत्पादन’ न लिहिता ‘जैवभार’ लिहावे. जैवभाराचा निष्कर्ष दाण्याला लावता येत नाही.

कापलेल्या कोवळ्या ज्वारीबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. तिच्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होऊन जनावरांना विषबाधा होऊ शकते आणि पावसाच्या ताणात तसेच कापणीनंतर फुटणाऱ्या धुमाऱ्यांत हा धोका वाढतो. प्रयोगानंतर वाफे चराईला मोकळे सोडू नयेत आणि हिरवा माल कोणाला चारा म्हणून देऊ नये.

वाळवण्यासाठी मोठी भट्टी नसली, तरी अडत नाही. प्रत्येक पिकाचे मोजणीच्या क्षेत्रातले सर्व ओले वजन शेतातच घ्यावे, त्यातून अर्धा किलोचा नमुना तुकडे करून कागदी पिशवीत भरावा, प्रयोगशाळेतल्या भट्टीत ७० अंश सेल्सिअसला ४८ तास किंवा वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि त्या गुणोत्तराने संपूर्ण वजन काढावे. पिके वाफ्यातच वेगळी करून पिशव्यांवर लगेच नावे घालावीत. एकदा मिसळलेला ढीग नंतर नीट वेगळा होत नाही, आणि पिकागणिक वजन नसेल, तर वरचा सगळा हिशेब अशक्य होतो.

आकडे बरोबर, मोजणी चुकीची

एका वाफ्यातली दहा झाडे मोजून दहा नमुने धरणे ही चूक इतकी सर्वत्र आहे, की १९८४ साली स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी तिला आभासी पुनरावृत्ती असे नाव देऊन प्रकाशित प्रयोगांतही तिचे प्रमाण किती आहे, ते दाखवले. एका वाफ्यातली झाडे एकाच मातीत, एकाच ओलाव्यात वाढतात. ती परस्परांपासून स्वतंत्र नसतात. वाफा हेच एकक आहे आणि वाफ्याला एकच आकडा मिळतो. तीन गटांत तीन आकडे आले, तर नमुना तीनचाच, तीसचा नव्हे.

जातींची संख्या आणि त्यांचे प्रमाण यांवरून विविधता मोजणाऱ्या शॅनन निर्देशांकाचाही असाच गैरवापर होतो. आपण स्वतः ठरवून चार पिके समप्रमाणात पेरली आणि नंतर त्याच वाफ्याचा निर्देशांक काढून ‘विविधता जास्त आढळली’ असे लिहिले, तर त्यातून आपण काय पेरले एवढेच कळते. हा निर्देशांक वापरण्याची योग्य जागा त्याच वाफ्यात आहे, पण ती तणांत आहे.

तणांकडे पाहावे

जैवभारातला फरक अस्पष्ट राहिला, तरी तणांतला फरक पहिल्याच हंगामात दिसण्याची शक्यता चांगली असते, आणि तरीही खुरपणीच्या घाईत तो पुरावा बांधावर फेकला जातो. प्रत्येक वाफ्याच्या मोजणीच्या क्षेत्राबाहेरच्या एका टोकाला अर्ध्या मीटरची पट्टी न खुरपता सोडावी. बाकीचा वाफा मात्र सर्वत्र एकाच दिवशी खुरपावा, कारण एका गटाची खुरपणी सोमवारी आणि दुसऱ्याची शनिवारी झाली, तर मधल्या पावसात केना आणि लव्हाळा दोन्ही हिशेब बिघडवतात. ४० व्या दिवसाच्या सुमारास त्या पट्टीत अर्धा मीटर बाजूची चौकट टाकून तणे जातवार मोजावीत आणि वाळवून वजन घ्यावे. उडदाने जमीन लवकर झाकलेल्या वाफ्यात खाली काय उरते आणि सलग तिळाच्या उघड्या ओळींत गाजरगवत, कुरडू, केना कसे वर येतात, हे जवळून पाहिलेल्या विद्यार्थ्याला प्रकाशाची वाटणी ही कल्पना वेगळी शिकवावी लागत नाही. शॅनन निर्देशांक या तणांचा काढावा. मग शेजारच्या धुऱ्यावर तीच चौकट टाकून मारवेल, कुसळी, पवना यांसारख्या गवतांमधली विविधता मोजावी आणि पेरलेल्या विविधतेत व आपोआप जुळून आलेल्या विविधतेत काय फरक आहे, त्यावर चर्चा घडवावी. आपली बहुतेक सुधारित पिके सलग पेरणीसाठी निवडलेली आहेत, जंगली गवते शेजाऱ्यांसह टिकत आलेली आहेत, ही मर्यादा त्या चर्चेत मोकळेपणाने मांडावी.

एका हंगामाकडून किती अपेक्षा ठेवावी

सीडर क्रीक आणि जर्मनीतील येना येथे २००२ साली सुरू झालेला कुरणांचा प्रयोग या दोन्हींत एक गोष्ट ठळकपणे दिसली: विविधतेचा परिणाम वर्षांगणिक वाढत गेला आणि त्यात पूरकतेचा वाटाही वाढला. तिथली झाडे बहुवार्षिक होती आणि वाफे तेच राहिले. वार्षिक पिकांकडून पहिल्याच खरिपात तसा परिणाम मागणे अन्यायाचे आहे. विद्यार्थ्यांना हे आधीच सांगावे, म्हणजे ‘फरक आढळला नाही’ हे अपयश न वाटता त्याचे कारण शोधता येईल.

वाफे दरवर्षी त्याच जागी, त्याच मिश्रणांसह ठेवावेत. कोपऱ्यांना दगडी खुंट्या रोवाव्यात. वखरणी उथळ आणि वाफ्याच्या लांबीनेच करावी, म्हणजे एका वाफ्याची माती दुसऱ्यात ओढली जात नाही. सततच्या एकाच पिकाने सलग वाफ्यांत रोग-किडी साठत गेल्या, तर तोही विविधतेच्या अभावाचाच परिणाम असल्यामुळे तो नोंदवावा, औषध फवारून पुसू नये. चीनच्या युनान प्रांतात रोगाला बळी पडणारे आणि प्रतिकारक भाताचे वाण मिसळून लावल्यावर बळी पडणाऱ्या वाणावरील करपा ९४ टक्क्यांनी कमी झाला, हे २००० साली प्रसिद्ध झालेले निरीक्षण अशा वेळी वर्गात मांडण्याजोगे आहे. एखादा वाफा रोह्यांनी किंवा शेळ्यांनी खाल्ला, तर त्याचा आकडा अंदाजाने भरू नये. तो रिकामा ठेवावा आणि त्या गटात ते मिश्रण नाही असे लिहावे.

नोंदवही विभागाच्या नावाने असावी, विद्यार्थ्याच्या नव्हे. तिच्यात पेरणीची तारीख, पहिल्या पावसाचा आकडा, आदले पीक, खत, खुरपणीचे दिवस, उभ्या झाडांची ओळवार संख्या, गाठींची मोजणी, तणांची यादी आणि पिकागणिक ओले व वाळलेले वजन एवढे रकाने असावेत, आणि जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीला ती जूनमध्ये रानात उभे राहून, वाफे दाखवत सोपवावी.